फोटोंनी जड झालेलं पान लवकर कसं उघडावं: लेझी लोडिंग, अगदी सुरुवातीपासून

आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपची एक छोटी वेबसाइट आहे आणि तिची देखभाल माझ्याकडे आहे. तिच्यावर हरिश्चंद्रगडाचं एक पान आहे. त्या पानावर ४८ फोटो आहेत. सगळ्यात वर कोकणकडा, मग पाचनईची वाट, मंदिर, पुष्करणी, केदारेश्वराच्या गुहेतलं थंडगार पाणी आणि त्यातली पिंड, आणि पार तळाशी वाटेचा नकाशा. घरच्या वायफायवर हे पान पटकन उघडायचं, त्यामुळे त्यात काही बिघडलंय असं कुणाला वाटलंच नाही. एकदा ट्रेकला जाताना राजूरला चहासाठी थांबलो होतो. एका नव्या मित्राने तिथेच मोबाइलवर ते पान उघडलं. वर गडाचं नाव आलं, दोन ओळी आल्या, आणि खाली नुसता पांढरा पट्टा. चहा संपला तरी कोकणकडा काही आला नाही.

कारण साधं होतं. पान उघडल्याबरोबर ब्राउझरने ४८ च्या ४८ फोटो मागवले होते. मित्राला त्या क्षणी हवा होता तो पहिला एक. त्या एकाच्या वाट्याचा वेग खालचे ४७ जण खात बसले होते.

लग्नातली पंगत आठवा. वाढपी आधी बसलेल्या पंगतीला वाढतात. दारात उभ्या असलेल्या पुढच्या पंगतीच्या माणसांच्या हातात आत्ताच कुणी जिलबी देत नाही. त्यांची पाळी जवळ आली की पानं मांडली जातात, मग वाढप सुरू होतं. लेझी लोडिंग म्हणजे फोटोंसाठी हीच शिस्त: जो फोटो पडद्यावर आहे किंवा येण्याच्या बेतात आहे तेवढाच मागवायचा, बाकीचे वाचणारा खाली सरकत जाईल तसतसे.

पूर्वी यासाठी जावास्क्रिप्टची बरीच खटपट करावी लागायची. आता एका शब्दाचं काम आहे. पण तो शब्द कुठे लावायचा, कुठे लावायचा नाही आणि त्याआधी काय करून ठेवायचं, हे कळलं नाही तर पान आणखी हळू होऊ शकतं. माझं तसं झालेलं आहे, ते पुढे येईलच. ज्यांनी एचटीएमएलची फाइल एकदोनदा उघडून पाहिली आहे, त्यांना हे सगळं जमेल. कोडमधले शब्द मी फोनवर सांगितल्यासारखे अक्षरं सुटी करून सांगतो. फाइलमध्ये ते इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत लिहायचे.

पायरी १: आधी मोजा

काहीही बदलण्याआधी आजची स्थिती लिहून ठेवा. नाहीतर नंतर "जरा फास्ट वाटतंय" एवढंच हाती राहतं.

कॉम्प्युटरवर क्रोममध्ये आपलं पान उघडा. राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' निवडा. जी खिडकी उघडेल तिच्यात वर 'नेटवर्क' नावाचा टॅब आहे. तिथे तीन गोष्टी करा. 'डिसेबल कॅश'वर टिक करा, म्हणजे आधी उतरवलेले फोटो पुन्हा वापरले जाणार नाहीत. वेगाच्या यादीतून 'स्लो फोरजी' निवडा, म्हणजे तुमचा कॉम्प्युटर बेताच्या रेंजमधल्या मोबाइलसारखा वागेल. आणि प्रकारांच्या पट्टीत 'इमेज'चं बटण दाबा, म्हणजे फक्त फोटोंची यादी दिसेल. याच खिडकीत मोबाइलचं चित्र असलेलं एक बटण आहे. ते दाबलं की पान मोबाइलच्या रुंदीत दिसतं, तेही दाबून घ्या.

आता पान रिफ्रेश करा आणि माउसला हात लावू नका. खाली सरकायचं नाही. सगळं थांबलं की खिडकीच्या तळाशी किती विनंत्या गेल्या आणि किती एमबी उतरले, ते आकडे दिसतील. ते वहीत लिहा. न सरकताही पानावरचे सगळे फोटो यादीत आले असतील, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे.

पायरी २: फोटोंचं वजन उतरवा

इथे घाई करू नका. लेझी लोडिंग फोटो लहान करत नाही, फक्त त्याची वेळ बदलतं. ४ एमबीचा फोटो उशिरा मागवला तरी तो ४ एमबीचाच राहतो, आणि वाचणारा त्याच्यापर्यंत पोचला की तिथे त्याला थांबावंच लागतं.

हिशेब करून पाहा. १२ मेगापिक्सेलच्या मोबाइल कॅमेऱ्याचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो आणि त्याची फाइल बरेचदा ३ ते ५ एमबीची भरते. असे ४८ फोटो, प्रत्येकी ४ एमबी, म्हणजे १९२ एमबी. सेकंदाला २ मेगाबिटची रेंज असेल तर, आठ बिटांचा एक बाइट या हिशेबाने, सेकंदाला जेमतेम २५० केबी उतरतात. १९२ एमबीला जवळजवळ १३ मिनिटं. तेच फोटो प्रत्येकी २०० केबीचे केले तर सगळे मिळून ९.६ एमबी, म्हणजे ४० सेकंदांच्या आत.

आणि ४००० पिक्सेल दाखवणार कुठे? बहुतेक मोबाइलच्या पडद्याची रुंदी ब्राउझरच्या हिशेबात ३६० ते ४१२ पिक्सेल असते. पडदा बारीक ठिपक्यांचा असेल तर त्याच्या तिप्पट धरा, तरी १२०० च्या आसपास. कॉम्प्युटरवर मजकुराच्या पट्ट्यात बसणाऱ्या फोटोला १६०० पिक्सेल भरपूर झाले.

लहान करायला गूगलचं 'स्क्वूश' नावाचं साधन आहे. ब्राउझरमध्येच चालतं आणि फुकट आहे. फोटो त्यात टाका, रुंदी १६०० करा, प्रकार 'वेबपी' निवडा, आणि गुणवत्तेचा दांडा ७५ च्या आसपास ठेवा. मधली रेघ डावी-उजवी सरकवली की मूळ आणि नवा फोटो शेजारी दिसतात. कातळाचे थर आणि गवताची पाती असतात तिथे झूम करून पाहा, कारण गुणवत्ता गेली तर ती आधी तिथे जाते. आकाशात सहसा कळत नाही, पण संध्याकाळच्या फिकट रंगांत पट्टे पडतायत का तेवढं बघा.

वेबपी आता सगळ्या चालू ब्राउझरना वाचता येतो. एव्हीआयएफ नावाचा आणखी नवा प्रकार आहे, तो अजून लहान फाइल देतो. सुरुवात करणाऱ्याने वेबपीवर थांबावं असं माझं मत आहे. पहिला मोठा फायदा रुंदी कमी केल्यानेच होतो.

पायरी ३: प्रत्येक फोटोची जागा आखून ठेवा

ही पायरी नवशिके हमखास वगळतात, म्हणून इथे जरा थांबतो.

इमेजच्या टॅगमध्ये, म्हणजे आय-एम-जी या टॅगमध्ये, फोटोचा पत्ता एस-आर-सी या नावापुढे असतो. त्याच टॅगमध्ये आणखी दोन गोष्टी लिहायच्या: रुंदी आणि उंची. रुंदीचं नाव विड्थ, डब्ल्यू-आय-डी-टी-एच. उंचीचं नाव हाइट, एच-ई-आय-जी-एच-टी. प्रत्येकापुढे बरोबरचं चिन्ह आणि दुहेरी अवतरणात फोटोचा खरा आकडा: १६०० आणि १२००, किंवा जो असेल तो. आकडेही इंग्रजीच, आणि 'पिक्सेल' वगैरे काही जोडायचं नाही. मग सीएसएसमध्ये, म्हणजे पान दिसायला कसं असावं ते सांगणाऱ्या नियमांत, सगळ्या फोटोंसाठी एकदाच सांगून ठेवायचं की जास्तीत जास्त रुंदी १०० टक्के आणि उंची 'ऑटो'.

एवढं केलं की ब्राउझर फोटो न उतरवताही गणित करतो: १६०० ला १२०० म्हणजे चारास तीन, पडद्यावर रुंदी ३६० मिळतेय, मग उंची २७०. तेवढी जागा तो रिकामी राखून ठेवतो. पंगतीत माणूस बसायच्या आधी पान मांडून ठेवतात, तसं.

जागा राखली नाही तर दोन गोष्टी बिघडतात. पहिली डोळ्यांना दिसते. कुणीतरी नळीच्या वाटेबद्दलची सूचना वाचत असतो. वरचा फोटो येऊन टेकतो आणि सगळा मजकूर धाडकन खाली जातो. वाचणारा आपली ओळ शोधत बसतो. कधी दाबायला गेलेलं बटण निसटतं आणि बोट भलत्याच दुव्यावर पडतं. गूगल ही हालचाल सीएलएस नावाच्या आकड्याने मोजतं. तो ०.१ किंवा त्याहून कमी असला तर चांगला.

दुसरी गोष्ट दिसत नाही, पण लेझी लोडिंगच्या मुळावर येते. जागा आखलेली नसेल तर फोटो येईपर्यंत त्याची उंची शून्य धरली जाते. शून्य उंचीचे फोटो एकाखाली एक लावले तर ते सगळेच पहिल्या पडद्यात मावतात. ब्राउझरला वाटतं, हे सगळे आत्ताच दिसणार आहेत. मग तो पुष्कळसे फोटो एकदम मागवतो आणि तुम्ही लावलेल्या लेझीचा उपयोग होत नाही. "लेझी लावलं तरी सगळे फोटो येतायत" अशी तक्रार कुणी केली की मी आधी त्याच्या टॅगमध्ये रुंदी-उंची आहे का ते बघतो.

याच टॅगमध्ये ए-एल-टी हा शब्दही भरा, मराठीत. फोटो येईपर्यंत किंवा आलाच नाही तर त्या जागी हा मजकूर दिसू शकतो, आणि दृष्टिहीन वाचकांचं स्क्रीन रीडर तोच वाचून दाखवतं. "फोटो १२" लिहिण्यात काही अर्थ नाही. "केदारेश्वराची गुहा, पाण्यात पिंड, चारांपैकी एकच खांब शाबूत" असं लिहिलं तर फोटो न येताही माणसाला काहीतरी मिळतं.

पायरी ४: फोटोंचे दोन गट करा

मोबाइलवर पान उघडा, सरकू नका, आणि दिसणारे फोटो मोजा. मग कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर तेच करा. दोन्हींपैकी कुठेही पहिल्या नजरेत दिसणारे फोटो एका गटात. आमच्या पानावर मोबाइलवर फक्त कोकणकडा दिसतो, मोठ्या पडद्यावर पाचनईच्या वाटेचा वरचा अर्धाही दिसतो. म्हणून आमचा पहिला गट दोन फोटोंचा. बाकी ४६ दुसऱ्या गटात.

कागदावर लिहा, खरंच. पुढची पायरी या यादीवर उभी आहे.

पायरी ५: दुसऱ्या गटाला लेझी लावा

दुसऱ्या गटातल्या प्रत्येक इमेज टॅगमध्ये लोडिंग हा शब्द घाला: एल-ओ-ए-डी-आय-एन-जी. मग बरोबरचं चिन्ह, आणि अवतरणात लेझी: एल-ए-झेड-वाय. झालं. कुठली लायब्ररी नको, प्लगइन नको.

माझी सवय अशी की लोडिंगचा शब्द फोटोच्या पत्त्याच्या आधी लिहायचा. साध्या एचटीएमएलमध्ये क्रमाने फरक पडत नाही. पण उद्या तुम्ही जावास्क्रिप्टने किंवा रिॲक्टसारख्या तिच्या लायब्ररीने फोटो तयार करायला लागलात, तर पत्ता आधी दिल्याने काही ब्राउझर लगेच फोटो मागवायला निघतात आणि लेझीची सूचना उशिरा पोचते. आधीपासून हात तसा बसलेला बरा.

हा शब्द क्रोमने जुलै २०१९ मध्ये, ७६ व्या आवृत्तीत आणला. फायरफॉक्सने एप्रिल २०२० मध्ये, ७५ व्या आवृत्तीत. सफारीला मार्च २०२२ उजाडला, आवृत्ती १५.४. त्याहून जुन्या ब्राउझरला हा शब्द कळत नाही, तो त्याकडे दुर्लक्ष करतो आणि फोटो नेहमीसारखा उतरवतो. म्हणजे कुणाचंही पान मोडत नाही. वाचणाऱ्याने जावास्क्रिप्ट बंद ठेवलं असेल तरीही फोटो साध्या पद्धतीने येतात. ते मुद्दाम तसं ठेवलेलं आहे, कारण फोटो कधी मागवला गेला यावरून माणूस किती खाली सरकला याचा माग काढता येतो.

आता पहिल्या पायरीतली मोजणी पुन्हा करा. न सरकता रिफ्रेश. यादी एकदम आटलेली दिसेल, पण दोनच फोटोंवर येणार नाही. त्याने गोंधळू नका. ब्राउझर फोटो दिसेपर्यंत थांबत नाही, थोडा आधीच मागवतो, म्हणजे तुम्ही तिथे पोचेपर्यंत तो तयार असावा. क्रोमने २०२० मध्ये हे अंतर ठरवलं: फोरजीसारख्या बऱ्या रेंजमध्ये पडद्याच्या खाली १२५० पिक्सेलपर्यंतचे फोटो, आणि थ्रीजी किंवा त्याहून हळू असेल तर २५०० पिक्सेलपर्यंतचे. रेंज कमी असताना अंतर जास्त, हे पहिल्यांदा मला उलटं वाटलं होतं. पण ते बरोबर आहे. फोटो यायला जास्त वेळ लागणार असेल तर निघायलाही आधी हवं. हे अंतर आपल्याला टॅगमधून बदलता येत नाही.

आता हळूहळू खाली सरका आणि नेटवर्कच्या यादीकडे बघत राहा. मंदिर जवळ आलं की त्याचा फोटो यादीत येतो, मग पुष्करणीचा, मग गुहेचा. एकेक ओळ अशी उमटताना बघितली की सगळा प्रकार डोक्यात पक्का बसतो. मला तरी तो तेव्हाच खऱ्या अर्थाने कळला.

पायरी ६: पहिल्या फोटोला वाट मोकळी करून द्या

इथे माझी चूक सांगतो. पहिल्यांदा हे करताना मी गट वगैरे केलेच नव्हते. एडिटरमध्ये 'फाइंड अँड रिप्लेस' चालवलं आणि ४८ च्या ४८ टॅगना लेझी लावून टाकलं. एकूण एमबी कमी झाले, मी खूश. पुढच्या आठवड्यात मोजलं तर कोकणकडा आधीपेक्षाही उशिरा येत होता. ज्या फोटोसाठी हा सगळा खटाटोप, तोच मागे पडला होता. ग्रुपमध्ये मी आधीच "आता पान फास्ट झालंय" असं सांगून बसलो होतो, याचं फार वाईट वाटलं.

असं का झालं, ते समजून घ्या. ब्राउझरकडे पानाचा मजकूर येऊ लागला की त्याचा एक भाग पुढे धावत जाऊन टॅग चाळतो आणि फोटो दिसला की लगेच मागवतो. पानाची मांडणी व्हायची वाट तो बघत नाही. पण टॅगवर लेझी लिहिलेलं असलं की त्याला थांबावं लागतं. हा फोटो पडद्यावर येतो की नाही हे आधी ठरवायला हवं, त्यासाठी सीएसएस उतरायला हवं, मांडणी व्हायला हवी. तेवढा वेळ वरचा फोटो ताटकळतो. म्हणून पहिल्या गटातल्या फोटोंना लेझी कधीही लावायचं नाही. लोडिंगचा शब्दच नसला की फोटो लगेच मागवला जातो. स्पष्ट लिहायचंच असेल तर लेझीच्या जागी ईगर लिहा, ई-ए-जी-ई-आर, अर्थ तोच.

आणि पहिल्या गटातला जो सगळ्यात मोठा, मुख्य फोटो आहे, त्याला आणखी एक शब्द द्या: फेचप्रायॉरिटी, सलग एकच शब्द, एफ-ई-टी-सी-एच-पी-आर-आय-ओ-आर-आय-टी-वाय, आणि अवतरणात हाय, एच-आय-जी-एच. याने ब्राउझरला कळतं की फोटोंमध्ये हा सगळ्यात आधी हवा. पानावर एकाच फोटोला द्या. पाच जणांना मानाचं पान दिलं तर मान कुणालाच मिळत नाही.

मुख्य फोटो किंवा मजकुराचा मोठा तुकडा दिसायला किती वेळ लागला, ते गूगल एलसीपी या आकड्याने मोजतं. २.५ सेकंदांच्या आत असेल तर चांगलं धरतात. आमच्या पानावर एलसीपी म्हणजे कोकणकडा.

जिथे हा शब्द चालत नाही, किंवा वेगळा चालतो

सीएसएसमधून पार्श्वभूमी म्हणून लावलेल्या फोटोंना लोडिंगचा शब्द लावता येत नाही, कारण तिथे इमेज टॅगच नसतो. तो फोटो खरोखर बघण्यासारखा असेल तर सरळ इमेज टॅगमध्ये आणा, निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. आणता येत नसेल तर जावास्क्रिप्टचं इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर वापरावं लागतं. त्याचं काम पहारेकऱ्याचं: एखादा भाग पडद्याजवळ आला की तो तुम्हाला हाक मारतो, मग तुम्ही त्या भागाला पार्श्वभूमीचा क्लास जोडायचा आणि पहारा उठवायचा. त्यात रूट मार्जिन नावाची सोय आहे, ३०० पिक्सेल दिले तर तो ३०० पिक्सेल आधी हाक मारतो. हे अंतर मात्र आपल्या हातात असतं.

इंटरनेटवर शोधलं तर जुने धडे सापडतील, ज्यांत फोटोचा पत्ता एस-आर-सीमध्ये न ठेवता डेटा-एस-आर-सीमध्ये लपवतात आणि स्क्रोल होताना जावास्क्रिप्ट तो जागेवर आणते. जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या काळात, २००७ पासून पुढे, हाच मार्ग होता आणि त्याने खूप लोकांची सोय झाली. आज नव्या पानासाठी तो घेऊ नका. स्क्रिप्ट उतरेपर्यंत एकही फोटो येत नाही, आणि स्क्रिप्ट अडकली तर कधीच येत नाही. शिवाय गूगलचा शोधयंत्रवाला बॉट पान स्क्रोल करत नाही, त्यामुळे फक्त स्क्रोलवर येणारे फोटो त्याला दिसत नाहीत.

यूट्यूबचा व्हिडिओ किंवा गूगलचा नकाशा पानात बसवला असेल तर तो आयफ्रेम टॅगमध्ये असतो. त्यालाही हाच लोडिंगचा शब्द चालतो. फोटोंपेक्षा इथे फायदा मोठा, कारण एका व्हिडिओची चौकट स्वतःबरोबर बऱ्याच स्क्रिप्ट घेऊन येते.

वर्डप्रेसवाल्यांनी मात्र आधी हात आवरावा. ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या ५.५ आवृत्तीपासून वर्डप्रेस रुंदी-उंची असलेल्या फोटोंना आपणहून लेझी लावतं. जानेवारी २०२२ च्या ५.९ पासून मजकुरातला पहिला फोटो ते वगळतं, आणि ऑगस्ट २०२३ च्या ६.३ पासून जो फोटो मुख्य वाटतो त्याला फेचप्रायॉरिटीही देतं. यावर आणखी एक लेझी लोडचं प्लगइन चढवलं की दोघं एकमेकांच्या पायात येतात. बसवलेलं असेल तर ते बंद करून मोजा, आणि मगच ठरवा. वर्डप्रेसचा अंदाज बहुतेकदा बरोबर येतो, पण थीमने वरचा मोठा फोटो आपल्या वेगळ्या पद्धतीने लावला असेल तर चुकूही शकतो. इन्स्पेक्टमध्ये त्या फोटोचा टॅग उघडून लेझी आहे का ते स्वतः बघा.

एक फोटो वेगवेगळ्या रुंदीत ठेवून पडद्याप्रमाणे योग्य तो पाठवायची सोयही आहे, तिला सोर्ससेट म्हणतात. तो वेगळा धडा आहे. आधी एवढं जमू द्या.

पायरी ७: खऱ्या मोबाइलवर, खऱ्या रेंजमध्ये

गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये पानाचा पत्ता टाका आणि मोबाइलचे आकडे बघा. तुमच्या पानाला पुरेसे वाचक असतील तर वरच्या भागात गेल्या २८ दिवसांतल्या खऱ्या वाचकांचे आकडे येतात. खालचे आकडे त्याच वेळी घेतलेल्या चाचणीचे असतात, ते दर वेळी थोडे हलतात. शंभरपैकी किती गुण मिळाले याच्या मागे लागू नका. एलसीपी आणि सीएलएस हे दोन बघा.

मग मोबाइल घ्या आणि घराबाहेर पडा. लिफ्टमध्ये, तळमजल्याच्या पार्किंगमध्ये, एसटीत बसल्यावर, जिथे रेंज खरोखर पडते तिथे पान उघडा. झपकन खाली सरका. रिकाम्या चौकटी किती वेळ दिसतात? मी त्या चौकटींना सीएसएसमधून फिकट करडा रंग दिला आहे, म्हणजे पांढरं भगदाड वाटत नाही आणि इथे काहीतरी येणार आहे हे कळतं. फोटोची धूसर प्रत आधी दाखवायची युक्तीही पुष्कळ जण करतात. मला ती या कामासाठी गरजेची वाटली नाही.

आता तळाच्या नकाशाबद्दल. तो आमच्या दुसऱ्या गटात होता, पार शेवटचा, म्हणजे लेझी. नियमाप्रमाणे बरोबर. पण आमचं पान लोक कसं वापरतात? राजूरला किंवा त्याआधी रेंज असताना उघडतात, वरवर चाळतात, आणि फोन खिशात टाकतात. पुढे पाचनईच्या दिशेने रेंज कधी असते, कधी नसते. वाटेवर फाटा आला की फोन काढून खाली सरकतात, आणि नकाशाच्या जागी करडी चौकट. लेझी फोटो मागवायच्या क्षणी नेटवर्क लागतं, आणि तो क्षण नेमका रेंज नसताना येतो.

पहिल्या पडद्यावर नसूनही हाताशी असायलाच हवेत असे फोटो प्रत्येक पानावर एखाद-दुसरे निघतात. दवाखान्याच्या पानावर वेळापत्रकाचा फोटो असेल, लग्नाच्या पानावर कार्यालयाचा पत्ता असलेली पत्रिका. त्यांना लेझी लावू नका. आमच्या नकाशावरून मी लोडिंगचा शब्द काढला आणि फेचप्रायॉरिटीला लो दिलं, एल-ओ-डब्ल्यू, म्हणजे तो पान उघडल्यावर येतो पण कोकणकड्याच्या आड येत नाही. रेघा आणि गावांची नावं स्पष्ट राहतील इतपतच ठेवून त्याची फाइल ९० केबीवर आणली. शिवाय त्याच्या खाली तीच वाट शब्दांत लिहून टाकली, टप्प्याटप्प्याने, मराठीत. ती पानाच्या मजकुराबरोबरच येते, तिला वेगळं मागवावं लागत नाही.